कोल्हापुरी चपलांची वेबसाइट: बारा हजार, पासष्ट हजार की दोन लाख चाळीस हजार?

चप्पललाइनकर (10 जानेवारी, रात्री 10:40)

राम राम मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

कोल्हापुरात चप्पल लाइनीला (चपलांच्या दुकानांची गल्ली) आमचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. मागच्या खोलीत दोन कारागीर बसतात, बाकी माल कापशीहून आणि आसपासच्या गावांतून येतो. पप्पा गल्ल्यावर. मी सहा महिन्यांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडून परत आलो. जून 2025 मध्ये प्राडाचं प्रकरण (इटलीच्या या कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला फॅशन शोमध्ये दाखवल्या ते) गाजलं तेव्हापासून दुकानात येणारं प्रत्येक बाहेरगावचं गिऱ्हाईक विचारतं, 'तुमची वेबसाइट आहे का?' पप्पा म्हणतात, 'चप्पल पायात घातल्याशिवाय कळत नाही, फोटोत काय कळणार?' कसंबसं त्यांना राजी केलंय. घरातून दीड लाख मंजूर झालेत. त्यावर एक रुपया नाही.

तीन कोटेशन आली आहेत.

पहिलं बारा हजारांचं. मित्राच्या ओळखीतला पोरगा. 'अनलिमिटेड पानं, डोमेन फ्री, होस्टिंग फ्री, एसएसएल फ्री, एसईओ फ्री.' (डोमेन म्हणजे साइटचा पत्ता, होस्टिंग म्हणजे ती ठेवायची भाड्याची जागा, एसएसएल म्हणजे सुरक्षित जोडणीचं सर्टिफिकेट, एसईओ म्हणजे गूगलवर नाव वर आणणं.) एवढं सगळं फ्री म्हटल्यावर बारा हजार कशाचे, हे विचारायचं राहून गेलं.

दुसरं 65,000 अधिक जीएसटी. गावातलीच दोघांची फर्म. चार पानी कागद दिलाय, नीट वाटला.

तिसरं पुण्याच्या कंपनीचं, 2,40,000 अधिक जीएसटी. बत्तीस स्लाइडचं प्रेझेंटेशन. त्यातल्या अकरा स्लाइड आम्हाला कोल्हापुरी चपलेचा इतिहास सांगण्यात गेल्या. पप्पांनी मधेच विचारलं, 'हा बक्कलनाळीचा फोटो पुकरी म्हणून का लावलाय?' (दोन्ही कोल्हापुरीचे वेगवेगळे प्रकार.) पोरं गप्प.

एकाच दुकानाची एकच साइट आणि भावात वीसपट फरक? कुणी समजावून सांगेल का?

रंकाळाकाठी (10 जानेवारी, रात्री 11:05)

भावा, आधी पप्पांना दंडवत! बक्कलनाळीचा किस्सा एक नंबर.

धागा वाखुसा (वाचनखूण साठवली). जाणकार येतीलच.

खटपट्या (11 जानेवारी, सकाळी 8:15)

गेली चौदा वर्षं हाच धंदा करतोय (पुण्यात, पण ते बत्तीस स्लाइडवाले आम्ही नव्हे), म्हणून आतली गोष्ट सांगतो.

साइट बनवायचा खर्च पानांवर ठरत नाही. तुम्ही वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) घ्या, त्यावर वूकॉमर्स (ऑनलाइन दुकानाचा जोड) चढवा, दोन्ही फुकट आहेत. लेट्स एन्क्रिप्टचं एसएसएल सर्टिफिकेटही 2015-16 पासून फुकट मिळतंय, त्यामुळे 'एसएसएल फ्री' ही मेहेरबानी नाही. जो वेगळे पैसे लावतो त्याला उलट कारण विचारा. पैसे जातात माणसाच्या तासांना. ते तास कुठे जातात ते बघा.

तुमचे किती प्रकार आहेत? समजा बारा डिझाइन, प्रत्येकी दोन रंग, सात मापं. बारा दुणे चोवीस, गुणिले सात: 168. म्हणजे साइटला 168 वेगवेगळ्या वस्तू सांभाळायच्या आहेत. दुकानात आठ नंबरची शेवटची जोडी विकली गेली आणि त्याच मिनिटाला नागपूरच्या बाईंनी तीच ऑनलाइन घेतली, तर कुणाला नाही म्हणणार? बारा हजारवाला याचा विचार करणार नाही. पासष्टवाल्यानं केला असेल तर कागदावर दिसेल. दोन-चाळीसवाल्यांनी नक्की केलाय, आणि वर तुम्हाला नको असलेल्या दहा गोष्टींचाही केलाय.

दुसरं, बारा हजारात जी 'प्रीमियम थीम' मिळते ती बऱ्याचदा चोरीची असते. पैसे भरून घ्यायचे प्लगइन (साइटला जोडायचे जास्तीचे भाग) कुलूप तोडून फुकट वाटणाऱ्या साइट आहेत. त्यातनं सोबत काय येतं ते आठ महिन्यांनी कळतं, जेव्हा तुमच्या चपलांच्या पानावर जपानी भाषेत औषधांच्या जाहिराती झळकतात. मी अशा साइट साफ करून पोट भरलंय, तक्रार नाही.

त्या पासष्ट हजारवाल्यांचा कागद इथे टाका. नावगाव खोडून.

चप्पललाइनकर (11 जानेवारी, दुपारी 1:30)

टाकतो. ठळक तेवढं:

होम पेज, आमच्याविषयी, संपर्क, प्रॉडक्टची पानं (40 पर्यंत), पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घ्यायची सोय) जोडणी, कुरिअर जोडणी, मोबाइलवर नीट दिसणं. मुदत 45 दिवस. 50 टक्के आगाऊ, उरलेले काम झाल्यावर. एक वर्ष होस्टिंग आणि डोमेन आत धरलेलं. 'मजकूर आणि फोटो ग्राहकाने द्यावेत.' 'देखभाल: एक महिना मोफत, नंतर चर्चेनुसार.'

जीएसटी धरून 76,700 होतात.

खटपट्या (11 जानेवारी, दुपारी 2:10)

कागद वाईट नाही. पण तुमचा खरा खर्च शेवटच्या दोन ओळींत दडलाय.

'मजकूर आणि फोटो ग्राहकाने द्यावेत.' चाळीस प्रॉडक्ट, प्रत्येकी पाच फोटो: वरून, बाजूनं, तळ, टाच आणि पायात घातलेला. झाले दोनशे. फोटोवाला एका फोटोला शंभर-दीडशे घेतो म्हटलं तरी वीस-तीस हजार. हे कोटेशनमध्ये कुठंय? कुठंच नाही. माझ्या धंद्यात 45 दिवसांची कामं पाच महिने रखडतात ती कोडमुळे नाही, 'साहेब, फोटो उद्या पाठवतो' या एका वाक्यामुळे.

'नंतर चर्चेनुसार.' ही चर्चा आत्ताच करा. वर्षाला किती, त्यात अपडेट येतात का, बॅकअप कोण घेतं, साइट बंद पडली तर किती तासांत फोन उचलणार. आज तुमच्या हातात पैसे आहेत, पुढच्या वर्षी त्यांच्या हातात साइट असेल.

आणि 50-50 करू नका. 30 सुरुवातीला, 30 डिझाइन पास झाल्यावर, 30 साइट चालू झाल्यावर, 10 महिनाभर वापरून झाल्यावर. शेवटच्या दहा टक्क्यांसाठी लोक फोन उचलतात.

बाळंभट (11 जानेवारी, दुपारी 4:45)

इतका खटाटोप कशाला? इन्स्टाग्रामवर रील टाका, व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, त्यात कॅटलॉगही बनतो. गूगलवर दुकानाची नोंद फुकट. यूपीआयनं पैसे घ्या. खर्च शून्य. आमच्या शेजारच्या वहिनी अशाच साड्या विकतात, वेबसाइट बनवणाऱ्यांना गुंडाळून ठेवलंय त्यांनी.

खटपट्या (11 जानेवारी, संध्याकाळी 6:00)

बाळंभट, गूगलच्या नोंदीबद्दल आणि व्हॉट्सॲपबद्दल सहमत, ते आजच करावं. पण वहिनींचं इन्स्टा खातं उद्या बंद झालं तर वहिनी कुठे दाद मागणार? भाड्याच्या गाळ्यात फर्निचरवर किती खर्च करायचा ते ज्यानं त्यानं ठरवावं.

बाळंभट (11 जानेवारी, संध्याकाळी 6:20)

तुमचं होस्टिंगसुद्धा भाड्याचंच असतं की.

रंकाळाकाठी (11 जानेवारी, संध्याकाळी 6:31)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पण धाग्याचं काश्मीर (न संपणारं भांडण) करू नका राव, पोराला निर्णय घ्यायचाय.

इचलची_स्वाती (11 जानेवारी, रात्री 9:50)

भाड्यावरून आठवलं. माझं पार्लर आहे, 2019 साली साइट करून घेतली होती. 'डोमेन फ्री' वालीच. तीन वर्षं छान चालली. गावात ब्रायडल मेकअप शोधलं की माझं नाव वर यायचं. मग एक दिवस नवरीच्या आईचा फोन, 'ताई, तुमची साइट उघडली तर रमीच्या जाहिराती येतायत.'

झालं असं की डोमेन त्या मुलानं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवरनं घेतलं होतं. तो मधल्या काळात परदेशी गेला, फोन बंद. डोमेनची मुदत संपल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या. मला काही पत्ताच नाही. डोमेन सुटलं आणि कुणीतरी उचललं. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर, पार्लरच्या बोर्डावर, शंभरेक लग्नांच्या अल्बमच्या मागे तेच नाव छापलेलं. बोर्ड बदलायला सात हजार गेले. ते माझ्या वेबसाइटच्या बजेटमध्ये धरायचे की नाही, तुम्हीच सांगा.

तेव्हा डोमेन स्वतःच घ्या, स्वतःच्या कार्डानं, स्वतःच्या ईमेलवर. डॉट इन वर्षाला सात-आठशेला पडतं, डॉट कॉम हजार-बाराशेला. पहिल्या वर्षाचा 99 वगैरे भाव बघून हुरळू नका, रिन्यूअलचा भाव बघा.

खटपट्या (11 जानेवारी, रात्री 10:15)

स्वातीताई, वाईट वाटलं. माहितीसाठी: डॉट कॉमची मुदत संपली की लगेच जात नाही. रजिस्ट्रारप्रमाणे (डोमेन विकणारी कंपनी) साधारण महिना-दीड महिन्यापर्यंत नेहमीच्या भावात वाचवता येतं, त्यानंतर 30 दिवस दंड भरून, आणि मग पाच दिवसांनी ते बाजारात मोकळं होतं. पण सूचना ज्याच्या ईमेलवर येते त्यालाच हे कळतं.

होस्टिंगचंही तेच. 'महिना 149 फक्त' ही जाहिरात तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तर असते, आणि नूतनीकरणाला तोच भाव दुप्पट-तिप्पट होतो. बजेट नेहमी दुसऱ्या वर्षाच्या भावानं लिहा.

जमाखर्च (12 जानेवारी, सकाळी 7:40)

सगळे साइटवर बोलताय, मी करावर बोलतो. माझा एकच प्रश्न: दुकान जीएसटीत कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांची ठोक कराची योजना) आहे का?

चप्पललाइनकर (12 जानेवारी, सकाळी 9:05)

हो. एक टक्कावालं. का?

जमाखर्च (12 जानेवारी, सकाळी 11:30)

मग थांबा. कंपोझिशनमधल्या व्यापाऱ्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. आणि कोल्हापूरकरांना राज्याबाहेर म्हणजे दिल्ली-चेन्नई वाटते, पण निपाणी कर्नाटकात आहे. पणजीला, बेळगावला, निपाणीला एक जोडी पाठवली तरी तो आंतरराज्य पुरवठा. वेबसाइट म्हणजे पुण्या-मुंबईइतकंच बंगळूर-हैदराबादचं गिऱ्हाईक. ऑर्डर साइटवरून येवो की व्हॉट्सॲपवरून, नियम तोच.

म्हणजे नेहमीच्या योजनेत यावं लागेल. दर महिन्याला किंवा तिमाहीला रिटर्न, बिलावर जीएसटी वेगळा. चपलांवर 22 सप्टेंबर 2025 पासून जोडी अडीच हजारांपर्यंत 5 टक्के, वर 18 टक्के. तुमच्या सल्लागाराची फी वाढेल. महिना हजार तरी जास्त धरा. वेबसाइटच्या बजेटमध्ये ही ओळ कुणी लिहीत नाही, पण खर्च वेबसाइटमुळेच होतो.

यात एक फायदाही आहे. नेहमीच्या योजनेत आलात की वेबसाइटच्या बिलावरचा 18 टक्के जीएसटी वजावटीला मिळतो. कंपोझिशनमध्ये असताना घेतलेल्या सेवेचा मिळत नाही. म्हणून 1 एप्रिलपासून योजना बदला आणि साइटचं काम त्यानंतर सुरू करा, बिलही तेव्हाचंच घ्या. 65,000 वर 11,700 वाचतात.

आणखी दोन गोष्टी. ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम 2020 सालचे आहेत. स्वतःच्या साइटवरून विकणाऱ्यालाही तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, तक्रारीची पोच 48 तासांत, निपटारा महिन्याभरात. घाबरू नका, अधिकारी म्हणजे पप्पांचं नाव टाकलं तरी चालतं. दुसरं, साइटवर 'जीआय प्रमाणित' असा शिक्का लावायची घाई नको. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन (जीआय) महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे, दोन्हीकडचे चार-चार जिल्हे त्यात येतात. तुम्ही जिल्ह्यातले असलात तरी 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची नोंदणी हवी. ती करून घ्या, मग शिक्का मिरवा.

(अवांतर: उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते. पैसे मागणाऱ्या साइटला भुलू नका.)

चप्पललाइनकर (12 जानेवारी, रात्री 10:20)

निपाणीचं वाचून पप्पा पाच मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, 'हे एवढं त्या बत्तीस स्लाइडमध्ये कुठं होतं?'

पार्सलवाला (13 जानेवारी, दुपारी 12:10)

कुरिअरची फ्रँचायझी आहे माझी. पासष्टवाल्यांनी 'कुरिअर जोडणी' लिहिलंय, पण खर्च जोडणीचा नाही, खोक्याचा आहे.

कुरिअर कंपन्या वजन आणि आकारमान यातलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले 5000. तुमचं दुकानातलं नेहमीचं खोकं 32 बाय 20 बाय 11 असेल तर 7040 भागिले 5000, म्हणजे 1.4 किलो. अर्ध्या किलोच्या टप्प्यात दीड किलोचे पैसे. जोडीचं खरं वजन सहाशे-साडेसहाशे ग्रॅम! तळ बाहेर, अंगठे विरुद्ध दिशेला अशा चपला एकावर एक ठेवून 30 बाय 13 बाय 10 च्या खोक्यात बसवल्या तर 0.78 किलो, एक किलोचा टप्पा. दर पार्सलमागे एक टप्पा वाचला. वर्षाला तीनशे पार्सलं गेली तर हिशेब तुम्हीच करा.

कॅश ऑन डिलिव्हरी ठेवणार असाल तर त्याचा वेगळा आकार असतो, आणि गिऱ्हाइकानं दारातून परत पाठवलं तर जायचं-यायचं दोन्ही भाडं तुमच्या डोक्यावर. चपलेत परत येण्याचं कारण शंभरातल्या नव्वद वेळा एकच, माप.

दूरदेशी (13 जानेवारी, रात्री 11:55)

न्यू जर्सीहून. दरवर्षी भावाला सांगून कोल्हापुरी मागवते, त्यामुळे धागा अगदी जिव्हाळ्याचा. परदेशी ऑर्डर घेणार का? इथल्या मंडळात तुमची साइट फिरवीन.

जमाखर्च (14 जानेवारी, सकाळी 8:00)

पहिल्या वर्षी नको म्हणेन. आयात-निर्यात कोड लागेल (तो काढायला पाचशे रुपये, अवघड नाही), गेटवेवर परदेशी कार्डाचे दर जास्त, आणि ऑगस्ट 2025 अखेर अमेरिकेनं आठशे डॉलरखालच्या पार्सलांची करमाफी काढून टाकलीय. तिथे दारात कर कोण भरणार यावरून भांडणं होतील. आधी निपाणी गाठू, मग न्यू जर्सी.

दूरदेशी (14 जानेवारी, सकाळी 8:25)

हाहा. म्हणजे भावाचं ओझं चालूच.

शाईवाला (14 जानेवारी, दुपारी 3:15)

आयुष्य डीटीपीत गेलं, त्यामुळे माझा मुद्दा अक्षरांचा. धागाकर्त्या, साइट मराठीत पण ठेवणार आहेस ना? तुमच्याकडे दुकानाचं जुनं माहितीपत्रक असेल, बहुतेक श्रीलिपीत (जुन्या मराठी फाँटमध्ये) बसवलेलं. साइट बनवणारा पोरगा ते उचलून साइटवर चिकटवेल आणि सगळा इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल, कारण ते युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत) नाही. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार, जोडाक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ हातानंच तपासावं लागतं. ओळीओळीनं बसून वाचणाऱ्या माणसाचे पैसे धर. दोन-तीन हजार. नाहीतर 'कर्र कर्र वाजणारी' चं 'कऱ कऱ' होईल.

फाँटला पैसे देऊ नकोस. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' मोफत आहे, साइटवर वापरायला मोकळा. फक्त बनवणाऱ्याला सांग की पानाची भाषा 'मराठी' म्हणून नोंदवायची. 'हिंदी' ठेवली किंवा काहीच ठेवलं नाही तर काही फाँट हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात. चपलेवर वेणी नीट हवी तसं अक्षरही नीट हवं.

खटपट्या (14 जानेवारी, दुपारी 4:00)

शाईवाले काका, हे मलाही लागू. दोन साइट आत्ताच दुरुस्त करतो.

राहिलं पेमेंट गेटवे. बसवायचे पैसे बहुतेक ठिकाणी लागत नाहीत, प्रत्येक व्यवहारावर कापतात. सर्वसाधारण दोन टक्के, त्यावर 18 टक्के जीएसटी. 1,800 च्या जोडीवर 36 अधिक 6.48, म्हणजे 42 रुपये 48 पैसे. थेट यूपीआयवर जानेवारी 2020 पासून व्यापाऱ्याला एमडीआर (व्यवहारावर व्यापाऱ्याकडून कापला जाणारा आकार) नाही, दुकानातल्या क्यूआरवर काही कापलं जात नाही ते त्यामुळेच. पण गेटवेमधून घेतलं की काही जण आपला सेवा आकार लावतात. करारात बघा.

शॉपिफायसारखं महिन्याच्या भाड्याचं दुकान घ्यायचं की वर्डप्रेस, यावर लोक हाणामाऱ्या करतात. माझं मत: घरात रोज संगणकाला हात लावणारा कुणी नसेल तर भाड्याचं घ्या, अपडेट आणि सुरक्षेची कटकट त्यांची. भाडं मात्र विक्री होवो न होवो दर महिन्याला जाणार, आणि जोडीला छोटी छोटी ॲप घेत गेलात की प्रत्येकाचं वेगळं महिनेवार. तुम्ही स्वतः आहात, तेव्हा वर्डप्रेस जमेल.

बाळंभट (14 जानेवारी, संध्याकाळी 7:10)

आणि एवढं करून साइटवर येणार कोण? ते कुणी बोलत नाही. आडरानात दुकान काढून शटर वर केल्यासारखं होईल.

खटपट्या (14 जानेवारी, संध्याकाळी 7:25)

हे मात्र पूर्ण मान्य. बनवण्यावर जितके घालाल त्याच्या निम्मे तरी पहिल्या सहा महिन्यांत लोकांना तिथं आणण्यासाठी ठेवा. बाळंभट, तुमच्या वहिनींचं इन्स्टा इथंच कामाला येतं.

इचलची_स्वाती (14 जानेवारी, रात्री 9:00)

फोटोसाठी माझी एक युक्ती. मेकअपचे फोटो मी घरीच काढते. मोठा पांढरा ड्रॉइंग पेपर, भिंतीपासून टेबलावर वळवून चिकटवलेला, मध्ये घडी पडू द्यायची नाही. ऊन थेट येत नाही अशी खिडकी एका बाजूला, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा. ट्यूबलाइट बंद. चामड्याचा रंग ट्यूबखाली हिरवट येतो, मग गिऱ्हाईक म्हणतं, 'फोटोत वेगळी होती.' आणि चाळीस कशाला, आधी बारा डिझाइनच टाक की.

चप्पललाइनकर (24 जानेवारी, रात्री 11:10)

उशीर झाला, माफ करा. लग्नसराईची गर्दी होती.

दहा दिवसांत काय झालं ते सांगतो. बारा हजारवाल्याला विचारलं, 'डोमेन माझ्या ईमेलवर घेशील का?' तो म्हणाला, 'दादा, पॅकेजमध्ये तसं बसत नाही.' विषय संपला. पुण्याच्या कंपनीला कंपोझिशनचं विचारलं, त्यांनी 'लीगल टीमशी बोलून कळवतो' म्हटलं, अजून कळवतायत. पासष्टवाल्या दोघांबरोबर दुकानात बसून दोन तास चहा झाला. काम कमी केलं: बारा डिझाइन, मराठी आणि इंग्रजी, गेटवे आहे, कॅश ऑन डिलिव्हरी नाही, स्टॉकची आकडेमोड नाही. प्रत्येक ऑर्डर 'आठ दिवसांत बनवून देऊ' अशीच घ्यायची, म्हणजे खटपट्या म्हणतात त्या 168 चं भूत आपोआप उतरतं. 45,000 वर आले. हप्ते 30-30-30-10. देखभाल वर्षाला नऊ हजार, लिहून घेतलं. काम एप्रिलमध्ये सुरू.

वहीत मांडलेलं असं:

डोमेन दोन (कॉम आणि इन), माझ्याच नावावर, आजच घेतली: 2,000
होस्टिंग, रिन्यूअलच्या भावानं: 4,000
साइट, जीएसटीसह: 53,100 (त्यातले 8,100 वजावटीत परत येतील, पण आत्ता धरत नाही)
फोटो साठ, 120 प्रमाणे: 7,200
श्रीलिपीचं रूपांतर आणि तपासणी: 3,000
छोटी खोकी तीनशे: 6,600
कर सल्लागाराची वाढीव फी, वर्षाची: 12,000
जाहिरात, महिना 4,000 प्रमाणे सहा महिने: 24,000

एकूण 1,11,900. उरले 38,100. ते पप्पांनी वेगळ्या पाकिटात घालून कपाटात ठेवलेत, वर पेन्सिलीनं 'दुसरं वर्ष' लिहून. रिन्यूअल, देखभाल आणि जे काय फुटेल तुटेल ते त्यातनं. त्याला हात लावायचा नाही असं मला बजावलंय.

फोटो स्वातीताईंच्या पद्धतीनं काढून बघितले. सहा बरे आले. पायातले फोटो मात्र फोटोवाल्याकडूनच काढून घेणार, माझ्या पायाचा फोटो कुणी बघू नये.

आता मापाचं. पासष्टवाल्यांनी साइजचा तक्ता दाखवला, इंच, सेंटिमीटर, युके नंबर. पप्पांनी तो बघितला, आत गेले आणि एक फाइल घेऊन आले. जुनी, सुतळीनं बांधलेली. आत कागदच कागद. वहीची पानं, पत्रिकांच्या पाठी, एक तर एसटीचं वेळापत्रक. प्रत्येकावर पेनानं पाऊल काढलेलं, खाली नाव, गाव, वर्ष. सोलापूर, 1988. हुबळी, 1994. (जमाखर्च, तेव्हा जीएसटी नव्हता!) बाहेरगावची जुनी गिऱ्हाइकं पोस्टानं पावलाचा कागद पाठवायची आणि आजोबा त्यावरून चप्पल बांधायचे. पप्पा म्हणाले, 'नंबरनं चप्पल बसत नाही रे. पाऊल रुंद की निमुळतं, अंगठा मोठा की बाजूचं बोट, हे नंबरात कुठं येतं? कागदावर पाऊल काढा, फोटो पाठवा, एवढं लिही की साइटवर.'

आता साइटवर प्रत्येक चपलेखाली एक बटण येणार: 'पावलाचा कागद पाठवा'. सोबत तीस सेकंदांचा व्हिडिओ. कागद फरशीवर, त्यावर पाऊल, पेन उभा धरून कडेनं फिरवायचा, शेजारी पट्टी ठेवायची म्हणजे फोटोत माप कळतं. व्हिडिओत पप्पाच बसणार आहेत. बनवणाऱ्यांनी या बटणाचे वेगळे पैसे लावले नाहीत, चहावर भागलं.

पार्सलवाला (25 जानेवारी, सकाळी 9:20)

हे बटण तुमचं दोन्हीकडचं भाडं वाचवणार बघा.

दूरदेशी (25 जानेवारी, सकाळी 10:05)

1994 चा हुबळीचा कागद! फाइलचा फोटो टाका ना.

रंकाळाकाठी (25 जानेवारी, सकाळी 10:40)

एप्रिलपर्यंत कोण थांबतंय, मी गावातलाच आहे. दहा नंबर, रुंद पाऊल, कापशी प्रकार, तेलाचा रंग. उजव्या पावलाचा कागद काढलाय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

चप्पललाइनकर (25 जानेवारी, दुपारी 2:15)

करा, पण दोन्ही पावलांचा. पप्पांनी तुमचा प्रतिसाद वाचून पहिलं तेच विचारलं, 'डावा कुठाय?'